काठावरचा तांडा

निवडणूक शाखेत नोकरी केली असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे पाच वर्षांतून एकदा काम?" मी हो म्हणते. मधली चार वर्षं बोटावरची शाई वाळायची वाट बघत बसायचो, असंही सांगते. लोकांना ते पटतं. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपंचायत, ग्रामपंचायत आणि यातलं कुणी मध्येच देवाघरी गेलं तर पोटनिवडणूक, एवढी किरकोळ कामं सोडली तर खरंच रिकामपण असायचं. त्या रिकामपणात मतदार यादी दुरुस्त करायची. म्हणजे मेलेल्याला काढायचं आणि जिवंताला घालायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण मेलेला माणूस यादीतून जायला तयार नसतो आणि त्याचे नातेवाईक तर त्याहून नसतात.

माझी सगळी नोकरी वाशिम जिल्ह्यात गेली. काही वर्षं रिसोडला, बाकी बहुतेक मानोऱ्याला. अव्वल कारकून म्हणून आले आणि निवडणूक नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. बाईमाणूस या खुर्चीवर आल्याचा एक फायदा झाला. माणसाचं काय चाललंय ते त्याच्या हाक मारण्यावरून कळायला लागलं. अर्ज भरायला आलेला उमेदवार मला ताई म्हणायचा. चिन्ह मिळेपर्यंत ताईच. मतमोजणीच्या पहिल्या फेरीला मी मॅडम व्हायचे. मागं पडायला लागला की 'ह्या बाई'. आणि निवडून आला की काहीच म्हणायचा नाही, कारण त्याला मी दिसेनाशीच व्हायचे. निकालाचा फलक मी कधी फारसा बघितला नाही.

बाहेरच्या माणसासाठी आमचा धंदा थोडक्यात सांगते. प्रत्येक मतदान केंद्राचं मशीन वेगळं. मतमोजणीला ती मशीनं एकामागून एक टेबलावर येतात, बटण दाबलं की त्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते दिसतं. जाळीपलीकडं उमेदवारांची माणसं कागद-पेन घेऊन बसलेली असतात, ती लिहून घेतात. पुढं तेच आकडे केंद्रवार जाहीरही होतात. यात चोरून काही नाही. तुमचं मत कुणाला गेलं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. पण तुमच्या गावाचं कुणाला गेलं ते शेंबड्या पोरालाही कळतं. आता गाव मोठं असलं, चार केंद्रं असली, तर कोण कुठल्या आळीचा हे धूसर राहतं. पण लहानशी वस्ती आणि एकच केंद्र असलं की गोपनीयता म्हणजे ओढणीनं घर झाकण्यासारखं. कागदी मतपत्रिकांच्या काळात काही निवडणुकांत वेगवेगळ्या केंद्रांच्या पेट्या एकत्र ओतून, मतपत्रिका चांगल्या कालवून मग मोजायचे. मशीनं आली, काम झटपट झालं, कालवणं गेलं. प्रगतीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार कुठं करायची तेही ठाऊक नाही.

या आकड्यांनी काय होतं ते मला आधी सलीम मास्तरनं दाखवलं. मास्तर म्हणजे शिंपी. बसस्टँडजवळ दुकान, हात इतका सफाईदार की दोन्ही पक्षांचे पुढारी त्याच्याकडूनच कुर्ते शिवायचे. त्यामुळंच बहुधा त्याला वाटलं की आपणही उभं राहावं. नगरपंचायतीला अपक्ष उभा राहिला, चिन्ह घेतलं शिलाई मशीन, आणि पडला. पडल्याचं त्याला काही वाटलं नाही. निकालानंतर तो माझ्या टेबलाशी आला, खुर्ची ओढून बसला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, घरात सात मतं हायेत. पेटीत निंगाले तीन. एक त माह्यावालं. बाकी दोन कोणाचे तेवढं सांगा. त्याईले ईदचे कपडे फुकट शिवून देतो. बाकीच्याईचं मापसुद्धा घेत नाई."

मी सांगितलं, ते कळत नाही. तो हसत उठून गेला. पण नंतर ऐकलं, त्या ईदेला घरात कुणाचेच कपडे शिवले गेले नाहीत. भाऊ भावाकडं संशयानं बघत होता आणि मास्तरची बायको सगळ्यांकडंच. शेवटी मास्तरनं सर्वांना रेडिमेड आणले. शिंप्याच्या घरात रेडिमेड. निवडणुकीनं माणसाची अब्रू किती जाते याचा एवढा स्वच्छ नमुना मी दुसरा पाहिला नाही.

हे झालं एका घराचं. तांड्याची गोष्ट मोठी आहे.

तांड्याचं नाव लिहीत नाही. मानोऱ्याच्या आसपास इतके तांडे आहेत की एकाचं नाव गाळल्यानं भूगोलाचं नुकसान होणार नाही. वस्ती लहान. शाळा चौथीपर्यंत आणि तिथंच मतदान केंद्र. दिवाळी झाली की बऱ्याच घरांना कुलूप, नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला जायच्या. डांबरी रस्त्यापासून तांड्यापर्यंत कच्ची वाट आणि वाटेत नाला. उन्हाळ्यात नाला दिसतही नाही, पावसाळ्यात नाल्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. तिथले नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, थावराबाबा, वय झालेलं, बोलणं कमी. आणि तिथली आशा सेविका जमनाबाई, जिचं बोलणं नायकाच्या वाटणीचंही तिनंच करावं असं. तिची माझी ओळख जुनी. मतदानाच्या जागृतीसाठी मी नमुन्याचं मशीन घेऊन तांड्यावर गेले होते तेव्हा तिनंच बायांना गोळा केलं होतं.

पुढाऱ्यांचीही नावं नकोत. आमच्याकडं एक भाऊ आणि एक दादा, एवढ्यावर सगळं राजकारण चालतं. दादांच्या हातात जिल्हा परिषद, भाऊ आमदार. दोघांचं वैर इतकं कडवं की एकाच्या घरच्या लग्नपत्रिकेत दुसऱ्याचं नाव 'प्रमुख उपस्थिती'मध्ये पहिलं असायचं. विधानसभेला दोघे समोरासमोर आले. भाऊंनी मागच्या वेळी तांड्याला रस्ता कबूल केला होता आणि पाच वर्षं तो कबूलच ठेवला होता. तांड्यानं आपल्या परीनं हिशेब केला आणि मतं दादांना दिली. भाऊ तरीही भरघोस निवडून आले.

हरलेल्या माणसाचा राग मला समजतो. तो आठवडाभर मशीनला शिव्या देतो आणि मग शेतात जातो. जिंकलेल्याचा राग वाईट. त्याच्याकडं वेळही असतो आणि हुद्दाही.

निकालानंतर भाऊंचा पुतण्या निखिल माझ्याकडं आला. नुकताच अमेरिकेतून शिकून आला होता. आकड्यांचं काहीतरी शिकला होता. गोड पोरगा. पहिल्यापासून मॅडमच म्हणाला, शेवटपर्यंत त्यात बदल नाही. त्याला केंद्रवार आकडे हवे होते. आकडे जाहीरच होते, मी दिले. त्यानं लॅपटॉप उघडून मला तिथल्या एका राज्याचा नकाशा दाखवला. चौकोनी चौकोनी तुकडे, काही लाल, काही निळे. एकेका तुकड्याला काउंटी म्हणतात, म्हणजे आपला तालुका समजा, असं त्यानं सांगितलं. कुठली काउंटी किती पिढ्या कुणाला मत देते, शेतकऱ्यांची कुठली, कारखान्यांची कुठली, यंदा कुठं किती टक्का सरकला, सगळं एका नजरेत. आपल्या मतदारसंघाचा असा नकाशा करायचा त्याच्या मनात होतं. अभ्यास म्हणून.

रंगांवरून मात्र अडलं. आपल्याकडं कुठलाही रंग घेतला तरी कुठला तरी पक्ष, नाहीतर कुठला तरी धर्म उठून उभा राहतो. बिचाऱ्यानं बरेच दिवस डोकं खाजवून जांभळा आणि तपकिरी असे दोन बिनवारसाचे रंग काढले. भाऊंची गावं जांभळी, दादांची तपकिरी. नकाशा मोठा छापून भाऊंच्या संपर्क कार्यालयात लागला. भाऊंनी आयुष्यात स्वतःच्या वाढदिवसाच्या जाहिरातींपलीकडं काही वाचल्याचं मला माहीत नाही, पण तो नकाशा त्यांनी एका मिनिटात वाचला. चारही बाजूंनी जांभळी गावं आणि मध्ये तांड्याचा तपकिरी ठिपका. कुणीतरी चहा सांडावा तसा.

तांड्याचा रस्ता आमदार निधीच्या त्या वर्षीच्या मंजूर कामांत होता. तो तांत्रिक कारणानं दुसरीकडं वळवला गेला. तांत्रिक कारण म्हणजे काय ते विचारायचं नसतं, ते तांत्रिक असतं. ज्या गावाला वळवला त्या गावाला आधीच एक रस्ता होता. आता दोन झाले. गाव जांभळं होतं.

त्या पावसाळ्यात जमनाबाईच्या सुनेला कळा लागल्या. रुग्णवाहिका वेळेवर आली आणि नाल्याच्या पलीकडंच थांबली. नाला भरून वाहत होता. चार माणसांनी सुनेला बाजेवर घालून आणलं, पण पाण्यात बाज उतरवायची कुणाची हिंमत होईना. पलीकडून रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर हातवारे करत होता, अलीकडं बाई ओरडत होती. जमनाबाईनं तिथंच काठावर ताडपत्री धरायला लावली आणि स्वतःच्या नातीला स्वतःच्या हातांनी जगात आणलं. आजवर तांड्यातल्या किती बायांना तिनं वेळेवर दवाखान्यात पोचवलं असेल, आणि सुनेची पाळी आली तेव्हा सरकारनं दिलेली पिशवी खांद्याला लटकत होती आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर उभा होता. पोर बरी निघाली. सुनेला मात्र रक्तस्राव सुरू झाला. पाणी ओसरल्यावर तिला वाशिमला नेलं. ती वाचली, पण कशीबशी. पुढचे कित्येक दिवस ती अंथरुणाला खिळून होती.

पाऊस सरल्यावर नायक आणि जमनाबाई माझ्या कार्यालयात आले. निखिल तेव्हा तिथंच बसला होता. जुन्या निवडणुकांचे आकडे उतरवून घेत होता. त्या दोघांना तो कोण हे माहीत नव्हतं आणि त्याला ते कोण हे. मी ओळख करून द्यायच्या आत जमनाबाईनं बोलायला सुरुवात केली होती. तिनं नाल्यावरची सगळी हकीकत सांगितली. रडली नाही, आवाज चढवला नाही, एखाद्या बैठकीत अहवाल द्यावा तसं सांगितलं. मग म्हणाली, "मॅडम, तुमी आमच्या शाळेत मशीन घेऊन आल्त्या. मत गुप्त राह्यते, कोनाले समजत नाई, असं तुमीच सांगतलं. मंग भाऊले काहून समजलं?"

एवढ्या वर्षांत मला उमेदवारांनी, वकिलांनी, वार्ताहरांनी नाना प्रश्न विचारले. सगळ्यांची उत्तरं नियमात होती. याचंही होतं. मी त्यांना समजावलं की माणसाचं मत कळत नाही, घराचंही कळत नाही, पण मशीन तांड्याचं एकट्याचं असल्यामुळं तांड्याचं कळतं. नायकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे दाराले कुलूप हाये, पन भिंतीच नाईत, असं म्हना."

निखिल मान खाली घालून बसला होता. त्याच्या लॅपटॉपवर तो अमेरिकेतल्या राज्याचा नकाशा उघडाच होता. जमनाबाईचं लक्ष तिकडं गेलं. हे कुठलं गाव, तिनं विचारलं. निखिलनं सांगितलं. परदेशातलं राज्य आहे, हे त्याचे तालुके, हे लालवाले, हे निळेवाले. ती जवळ जाऊन बघायला लागली. तिथं लालवाल्यांचं राज्य आलं की निळ्यांचे रस्ते बंद करतात का, असं तिनं विचारलं. निखिल म्हणाला, इतकं उघड नाही करत. पण जो तालुका वर्षानुवर्षं एकाचाच आहे तिथं कुणी फिरकत नाही. जो आपला आहे तो जाईल कुठं, आणि जो आपला नाही त्याच्यावर वेळ कशाला घालवायचा.

"आन जिथी अर्धे इकडं, अर्धे तिकडं हायेत, तिथी?"

"तिथं सगळेच जातात, मावशी," निखिल म्हणाला. "एकदा नाही, दहादा जातात. थोडी मतं इकडची तिकडं झाली की निकाल बदलतो ना. म्हणून तिथले लोक जे मागतील ते दोन्हीकडचे कबूल करतात. असल्यांना काठावरचे म्हणतात."

जमनाबाईनं मान हलवली. उठताना नायकांनी सहज विचारलं, तुम्ही कुठले. निखिलला खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, मी भाऊंचा पुतण्या, आणि भाऊंच्या कार्यालयातला तो मतदारसंघाचा नकाशा मीच केला. मला वाटलं, आता जमनाबाई त्याला सोडत नाही. ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "नकाशा चांगला काढला म्हनतेत, बाबू. आता त्यात नालाही काढा."

ते गेल्यावर निखिलनं लॅपटॉप मिटला आणि आकडे न घेताच गेला. जमनाबाईला त्यानं ती युक्ती मुद्दाम सांगितली की विचारलं म्हणून सांगितली, हे मी त्याला कधी विचारलं नाही. एवढं मात्र खरं, की भाऊंनी पदरमोड करून पुतण्याला अमेरिकेला पाठवलं आणि विद्या तांड्याच्या कामी आली.

पुढं जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. तांड्याच्या गटात, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघात, भाऊंचा एक उमेदवार, दादांचा एक, सरळ लढत. मतदानाआधी तांड्याची बैठक झाली. त्यात काय झालं ते मला जमनाबाईनं पुष्कळ नंतर सांगितलं. तिनं नायकांच्या समोर मांडलं की या खेपेला तांड्यानं कुणाचंच व्हायचं नाही. निम्मी मतं भाऊंच्या माणसाला, निम्मी दादांच्या. घरात चार मतं असली तर दोन-दोन. तीन असली तर शेजारच्या घराशी जोडी लावायची. ऊसतोडीला गेलेल्यांना सोडून द्यायचं, मागं उरलेल्यांत वाटणी करायची.

पुरुषांनी आधी चेष्टा केली. मग भांडणं सुरू झाली. कारण ज्याला दादा आवडायचे त्याच्या वाटणीला भाऊ आले आणि उलट. एका घरात नवऱ्यानं बायकोला सांगितलं, तू भाऊंना दे, मी नाही देत. बायको म्हणाली, रस्त्याची गरज पोटुशीला असते, पन पोर का तिचं एकटीचंच असते, तुमी काहून नाई देत. एका म्हातारीनं विचारलं, "मले ज्याले द्याचं त्याले मी कवा देऊ?" जमनाबाई म्हणाली, "रस्ता झाल्यावर, मावशी."

हे कळल्यावर मी निवृत्तीनंतरही सवयीनं नियम चाळून पाहिले. मतदाराला पैसे देऊ नयेत, दारू देऊ नये, धमकी देऊ नये, देवाची शपथ घालू नये, सगळं आहे. मतदारांनी एकत्र बसून शहाणपणा करू नये असं कलम मात्र सापडलं नाही. असं कधी होईल ही शंकाच बहुधा कुणाला आली नसावी.

मतमोजणीला तांड्याचं मशीन टेबलावर आलं तेव्हा मी शेजारीच होते. बटण दाबलं. दोघांच्या मतांत फरक फक्त दोनाचा, भाऊंच्या माणसाला दोन जास्त. जाळीपलीकडं दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकदमच टाळ्या वाजवल्या. भाऊंची माणसं खूश, कारण मागच्या वेळी तिथं त्यांना बोटांवर मोजण्याइतकी मतं होती. दादांची माणसं घाबरली होती, पण भाऊंच्या माणसांदेखत दुसरं काय करणार. गटात दादांचा माणूस निवडून आला, तोही थोडक्यात. म्हणजे तांडा पूर्ण भाऊंकडं गेला असता तर, असं दादांना कुणीतरी सांगितलं. तांडा पूर्ण आपल्याकडं आला असता तर, असं भाऊंना कुणीतरी सांगितलं. दोघांनाही झोप नसावी.

आठवड्याच्या आत भाऊ तांड्यावर. नायकांच्या ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं की तांड्यातली निम्मी माणसं पहिल्यापासून आपली होती, गैरसमज दुसऱ्यांनी केले. जमनाबाईनं त्यांना चहा दिला. दोन दिवसांनी दादा आले. त्यांनी सांगितलं की तांड्यातली निम्मी माणसं आपल्यासाठी जीव देतील, फक्त उरलेल्यांना भाऊंनी फूस लावली. जमनाबाईनं त्यांनाही चहा दिला. दोघांना तिनं एकच सांगितलं की तांडा तयार आहे, अडलंय ते नाल्यापाशी.

मग जे झालं ते आमच्या बांधकामवाल्यांनाही नवीन होतं. भाऊंनी आमदार निधीतून डांबरी रस्त्याच्या बाजूनं काम सुरू केलं. दादांनी जिल्हा परिषदेतून तांड्याच्या बाजूनं सुरू केलं. मजूर तेच, फक्त दोन मुकादम. दोन्ही तुकडे नाल्याशी आले आणि थांबले. पूल कुणी बांधायचा यावर वाद लागला. आमच्या जिल्ह्यात पूल कुणी बांधू नये यावर मी वाद ऐकले होते. तो आपणच बांधणार म्हणून दोघे भांडताना पहिल्यांदाच पाहिले. शेवटी साहेब लोकांनी मध्यस्थी केली, एकानं खांब बांधले आणि दुसऱ्यानं स्लॅब टाकला. उद्घाटनं दोन झाली. एक अलीकडून, एक पलीकडून. दोन्ही टोकांना दोन कोनशिला आहेत आणि त्यांच्यावर दोघांचीही नावं एवढी मोठी आहेत की पुलाचं नाव कुठं लिहायचं ते राहूनच गेलं.

पुढच्या पावसाळ्यात रुग्णवाहिका तांड्यातल्या शाळेपर्यंत गेली. कुणीतरी त्या ड्रायव्हरचा सत्कार केला. तो तोच होता, पलीकडून हातवारे करणारा. सत्काराला तो अवघडून उभा होता, नारळ कुठं ठेवावा ते त्याला समजेना.

निखिलचा नकाशा अडून बसला होता. तांड्याला जांभळा द्यावा की तपकिरी? भाऊ म्हणत होते जांभळाच दे, आपली दोन जास्त आहेत. निखिलनं तो ठिपका पांढरा ठेवला आणि पुण्याला नोकरीला निघून गेला. कुठल्या गावात कुठला साबण खपतो याचे नकाशे करतो म्हणे. जाताना भेटायला आला होता. साबण न घेणाऱ्या गावाचा रस्ता कुणी वळवत नाही, एवढंच तो म्हणाला.

मी निवृत्त झाल्यावर जमनाबाईनं मला चहाला बोलावलं. पक्क्या रस्त्यानं रिक्षा थेट ओट्याशी गेली. नातीनं माझी पर्स ताब्यात घेतली. सून मोकळेपणी बोलली, पण नाल्याचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. मग वाटणीची सगळी हकीकत निघाली. त्या दिवशी कोण-कोण मत द्यायला गेलं ते जमनाबाईला तोंडपाठ होतं. जोड्या बरोबर लागल्या होत्या. तिच्या हिशेबानं दोघांना सारखी मतं पडायला हवी होती.

"मंग दोनचा फरक कायचा पडला?" नायकांनी मला विचारलं.

मी सांगितलं, एकाच माणसाचं मत इकडचं तिकडं गेलं की एकाचं एक कमी होतं, दुसऱ्याचं एक वाढतं, फरक दोनाचा दिसतो. म्हणजे सगळ्या तांड्यात एकच जण ठरल्याप्रमाणं वागला नव्हता. दादांच्या वाटणीच्या कुणीतरी भाऊंना दिलं होतं. नायकांचा चेहरा बदलला. एवढे दिवस त्यांना हे मशीनचं काहीतरी वाटत होतं. तांड्याचा शब्द मोडणारा आपल्यातलाच आहे हे त्यांना सहन झालं नाही. तुमच्याकडून कळेल का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. मग ते म्हणाले, सगळ्यांना देवळात बोलावतो, एकेकाला शपथ घालतो, निघेल बाहेर. कुणाकुणावर संशय आहे तेही सांगायला लागले.

मी जमनाबाईकडं बघितलं. ही सगळी योजना तिची, तिच्याच सुनेच्या जिवावर बेतलं म्हणून आखलेली. ती चिडेल असं मला वाटलं होतं. ती नातीच्या हातातून माझी पर्स सोडवत होती.

"राहू द्या, नायक," ती म्हणाली. "साऱ्याईची मतं आपन वाटून टाकली. एवढं एक तरी ज्याचं त्याच्यापाशी राहू द्या."